जुन्या मारुतीतला विजेचा बिघाड: मल्टिमीटर घेऊन पायरीपायरीने

बॅटरी नवी टाकली, महिनाभरात तीही उतरली. मग आल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) खोलला, सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) दुरुस्त करून आणला, आणि एवढं होऊनही सकाळी किल्ली फिरवली की नुसतं ‘टक्’. जुनी मारुती ८००, ओम्नी, झेन किंवा ह्युंदाईची सँट्रो बाळगणाऱ्यांची ही नेहमीची रड आहे. खर्च सगळा होतो आणि बिघाड मात्र जागचा हलत नाही, कारण एकही आकडा न मोजता भाग बदलले जातात. माझं सांगणं एवढंच आहे: विजेचा भार असताना, म्हणजे दिवा, सेल्फ किंवा जे तपासायचं ते चालू असताना व्होल्टेज मोजा, ते ठरलेल्या क्रमाने मोजा, आणि तोवर दुकानात जाऊ नका.

इथला क्रम कार्बोरेटरच्या आणि सुरुवातीच्या एमपीएफआय (इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या) गाड्यांसाठी आहे, म्हणजे १२ व्होल्टची बॅटरी आणि निगेटिव्ह बॉडीला जोडलेली. तुमच्या गाडीत एअरबॅग असेल तर तिच्या वायरींना (बहुधा पिवळ्या आवरणातल्या) हात लावू नका, मीटरही नाही आणि टेस्ट लॅम्पही नाही.

## तयारी: अर्धं काम इथेच होतं

लागणाऱ्या वस्तू मोजक्याच आहेत. १० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलेला डिजिटल मल्टिमीटर. ५ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, म्हणजे एका वायरीला क्लिप आणि दुसरीकडे टोक असलेला दिवा. हेडलाइटचा एक जुना ६०/५५ वॅटचा बल्ब, ज्याची एक तरी फिलामेंट शाबूत आहे. १० नंबरचा पाना, पॉलिश पेपर, तारेचा ब्रश, वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज. शिवाय चार-पाच मीटर लांबीची एक वायर, दोन्ही टोकांना क्लिप लावलेली. ही लांब वायर कुणी तयार ठेवत नाही, आणि डिकीतल्या दिव्यापासून बॅटरीपर्यंत मोजायची वेळ आली की सगळं अडतं. गाडीचा वायरिंग डायग्राम मिळाला तर उत्तमच.

आधी मीटर तपासा. ओहमवर ठेवून दोन्ही टोकं एकमेकांना टेकवा. ०.५ ओहमच्या आत काहीतरी दिसलं पाहिजे. आकडा नाचत असेल तर मीटरच्या वायरीच खराब आहेत आणि पुढची सगळी मोजमापं फुकट जातील. मग १० अँपिअरच्या सॉकेटजवळ काय छापलंय ते वाचा. स्वस्त मीटरमध्ये त्या सॉकेटला बरेचदा फ्यूजच नसतो.

इशारा: मीटरची लाल वायर अँपिअरच्या सॉकेटमध्ये असताना टोकं बॅटरीच्या दोन टर्मिनलना लावलीत तर तो सरळ शॉर्ट होतो. वायर वितळते, हात भाजतो. करंट मोजून झाला की लाल वायर त्याच क्षणी व्होल्टच्या सॉकेटमध्ये परत घाला.

अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. गाडीला सीएनजी किंवा एलपीजी किट असेल आणि वास येत असेल, तर वास कुठून येतो ते सापडेपर्यंत विजेच्या कामाला हात घालू नका. बॅटरी सोडवताना नेहमी निगेटिव्ह आधी काढायची आणि जोडताना शेवटी लावायची. पॉझिटिव्ह आधी सोडवायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला की ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा हायड्रोजन त्याच जागी असतो.

## टप्पा १: लक्षण नीट लिहून काढा

‘लाइटचा प्रॉब्लेम आहे’ एवढ्यावरून काहीच शोधता येत नाही. कधी होतं ते लिहा: सकाळी, पावसानंतर, इंजिन तापल्यावर, की खड्ड्यात आपटल्यावर? त्याच वेळी आणखी काय बिघडतं? दोन गोष्टी एकदम बंद पडत असतील तर त्या दोन वस्तू तपासत बसू नका. दोघींमध्ये सामाईक काय आहे ते शोधा, म्हणजे एकच फ्यूज, एकच अर्थिंग (करंट बॉडीतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतायची जोड) किंवा इग्निशन स्विचचा एकच काँटॅक्ट.

सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र वेगळाच: बिघाड सुरू होण्याआधी गाडीत शेवटचं काम कोणतं झालं? डेंटिंग-पेंटिंग झालं असेल तर अर्थिंगच्या बोल्टखाली रंग गेला असेल. नवा टेप (गाणी ऐकायचा), रिव्हर्स सेन्सर किंवा सेंट्रल लॉक बसवलं असेल तर तिथली वायर आधी बघायची.

## टप्पा २: बॅटरी

गाडी फिरवून आणल्या आणल्या व्होल्टेज मोजाल तर आकडा फसवा येईल. किमान दोन तास गाडी उभी राहू द्या. तेवढा वेळ नसेल तर हेडलाइट दोन मिनिटं चालू ठेवून बंद करा आणि पाच मिनिटांनी मोजा. मीटरची टोकं टर्मिनलच्या क्लँपवर नाही, शिशाच्या खुंटावरच टेकवा.

१२.६ किंवा जास्त म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२.० च्या आसपास असेल तर ती जवळजवळ उतरलेली आहे. अशा बॅटरीवर पुढच्या कोणत्याही चाचणीला अर्थ नाही, म्हणून आधी चार्जरवर लावून पूर्ण भरा.

झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर पाण्याची पातळी बघा आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला. बॅटरीवाल्याकडून हायड्रोमीटरने (ॲसिडची घनता मोजणाऱ्या नळीने) सहाही सेल तपासून घ्या. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.०५० हून जास्त खाली असेल (पाच सेल १.२५० आणि एक १.१८०, असं) तर ती बॅटरी गेली. ती कितीही चार्ज केली तरी उपयोग नाही.

तपासा: रात्रभर चार्ज केलेली बॅटरी गाडीला न जोडता एक दिवस ठेवा. दुसऱ्या दिवशी ती १२.५ च्या खाली आली तर दोष बॅटरीत आहे. १२.६ वर टिकली तर तिला गाडीच पिते आहे. हा एक दिवस वाट बघितल्याने नव्या बॅटरीचे पैसे वाचू शकतात.

## टप्पा ३: टर्मिनल, जाड केबल आणि सेल्फ

टर्मिनलवर पांढरट-हिरवट खार चढला असेल तर कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून धुवा. ते पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नका. वाळल्यावर खुंट आणि क्लँपचा आतला भाग दोन्ही पॉलिश पेपरने घासा, क्लँप घट्ट आवळा, आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. बरेच जण जेली आधी फासतात आणि क्लँप नंतर बसवतात. ते उलटं आहे. आधी धातूला धातू भिडला पाहिजे.

क्लँप हाताने फिरवून बघा. जराही फिरला तर तो ढिला आहे. खुंट झिजला म्हणून मध्ये पत्र्याचा तुकडा किंवा खिळा ठोकलेला दिसतो कधी कधी. तो काढा आणि नवा क्लँप लावा.

आता सेल्फची चाचणी. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची बारीक वायर काढून ठेवा, एमपीएफआयमध्ये पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा. कुणाला तरी किल्लीवर बसवा. दर वेळी पाच-सात सेकंदच सेल्फ मारायचा आणि मध्ये त्याला थंड होऊ द्यायचं. ही तीन मोजमापं घ्या:

1. बॅटरीच्या दोन खुंटांमध्ये: सेल्फ फिरत असताना ९.६ व्होल्टच्या खाली जाऊ नये.
2. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टपर्यंत: ०.५ व्होल्टच्या आत.
3. इंजिनच्या उघड्या धातूपासून बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापर्यंत: ०.३ व्होल्टच्या आत.

तिसरं मोजमाप सोडू नका, जुन्या गाड्या सगळ्यात जास्त तिथेच नापास होतात. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे बॅटरीकडे करंट परत यायला एक अर्थिंगची पट्टी किंवा केबल लागते. ती तुटली किंवा गंजली की करंट दुसरी वाट काढतो, आणि ती वाट बऱ्याचदा क्लचची किंवा ॲक्सिलरेटरची केबल असते. सेल्फ मारल्यावर क्लचची केबल गरम लागत असेल किंवा तिच्या आवरणातून धूर निघत असेल तर आणखी काही शोधायची गरज नाही, इंजिनचं अर्थिंग गेलंय.

तिन्ही आकडे ठीक आहेत, बॅटरी भरलेली आहे, तरी सेल्फ टकटक करतो? मग सेल्फच्या छोट्या वायरीवर किल्ली फिरवताना किती व्होल्ट येतात ते बघा. तिथे १० पेक्षा कमी मिळत असतील तर दोष इग्निशन स्विच ते सेल्फ या वायरीत आहे. पूर्ण व्होल्टेज येऊनही सेल्फ फिरत नसेल तेव्हाच तो खोलायचा.

## टप्पा ४: चार्जिंग

किल्ली ऑनवर घ्या, इंजिन बंद. डॅशबोर्डवर चार्जिंगचा लाल दिवा लागलाच पाहिजे. तो लागत नसेल तर आधी तो बल्ब बघा. जुन्या गाड्यांत आल्टरनेटरला जागं करणारा सुरुवातीचा करंट याच बल्बमधून जातो. दहा-वीस रुपयांच्या बल्बपायी धडधाकट आल्टरनेटर बाद ठरवले गेले आहेत.

इंजिन सुरू करून थोडं रेस ठेवा, सगळे दिवे बंद. बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट हवेत. आता हेडलाइट, ब्लोअर आणि वायपर चालू करा. आकडा १३.२ च्या वर टिकला पाहिजे. १२.५ वर येऊन हळूहळू उतरत असेल तर बेल्ट ढिला आहे का, आल्टरनेटरमागचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) नीट बसलाय का ते बघा. त्यानंतर आल्टरनेटरच्या जाड बोल्टपासून बॅटरीच्या पॉझिटिव्हपर्यंत किती व्होल्टेज पडतं ते मोजा. तिथे अर्ध्या व्होल्टहून जास्त पडत असेल तर आल्टरनेटर नाही, वायर खराब आहे. उलट १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर (आल्टरनेटरचं व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय. अशी गाडी चालवत राहिलात तर बॅटरीचं पाणी उकळतं आणि बल्ब एकामागून एक उडतात.

इशारा: ‘इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघा, गाडी बंद पडली तर आल्टरनेटर खराब’ हा सल्ला अजूनही दिला जातो. कृपया हे करू नका. बॅटरी निघताच व्होल्टेज उसळतं आणि आल्टरनेटरचे डायोड (एसीचा डीसी करणारे भाग), रेग्युलेटर, टेप, एमपीएफआय गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) सुद्धा जळू शकतो.

डायोडची शंका असेल तर मीटर एसी व्होल्टवर ठेवून चालू इंजिनावर बॅटरीशी मोजा. ०.५ च्या वर दिसलं तर डायोड संशयित. पण हीच चाचणी आधी इंजिन बंद ठेवून करा. काही स्वस्त मीटर एसीवर ठेवले की साध्या बॅटरीलाही पंचवीस-सव्वीस व्होल्ट दाखवतात. तसं झालं तर हा मीटर या कामाचा नाही.

## टप्पा ५: फ्यूजबॉक्स

बहुतेक जुन्या गाड्यांत तो डॅशबोर्डखाली असतो. फ्यूज डोळ्यांनी बघून ठीक ठरवू नका. केसाएवढी भेग दिसत नाही. पात्यांच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात. टेस्ट लॅम्पची क्लिप बॉडीला लावा आणि किल्ली ऑन ठेवून दोन्ही ठिपक्यांना आळीपाळीने टोक लावा. दोन्हीकडे लागला तर फ्यूज शाबूत, एकीकडेच लागला तर उडालेला. कुठेच लागला नाही तर फ्यूजपर्यंत वीजच येत नाही, किंवा तुमची क्लिप रंगावर बसली आहे.

फ्यूज काढून त्याची पाती बघा. तपकिरी-काळी पडली असतील किंवा प्लॅस्टिक वितळलं असेल तर तिथली पकड सैल झाली आहे. नवा फ्यूज खोचून हे बरं होत नाही, आतली क्लिप बदलावी लागते.

रंगावरून अँपिअर ओळखा: लाल १०, निळा १५, पिवळा २०, पांढरा २५, हिरवा ३०. झाकणावर लिहिलेल्यापेक्षा मोठा फ्यूज कुठे दिसला तर तिथे कुणीतरी खरा बिघाड दाबून ठेवलाय असं समजा, आणि ते सर्किट टप्पा ८ प्रमाणे तपासा. फ्यूजच्या जागी तार किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी असेल तर गाडी तशी रस्त्यावर नेऊ नका. तारेला वितळायला जेवढा करंट लागतो त्याच्या आधी डॅशबोर्डमागची वायर पेटते.

## टप्पा ६: रात्रीत बॅटरी उतरते, वीज कोण पितं?

हे शोधणं अवघड नाही, घाई मात्र चालत नाही. किती गळती म्हणजे जास्त, ते आधी समजून घेऊ. मारुती ८०० ला साधारण ३५ अँपिअर-अवरची बॅटरी असते. उभ्या गाडीने घड्याळ आणि टेपच्या मेमरीपुरते ०.०२ ते ०.०३ अँपिअर घेतले तर चालतं. पण डिकीतला ५ वॅटचा एक बल्ब चालू राहिला तर तो ०.४ अँपिअर खातो. शुक्रवारी रात्री उभी केलेली गाडी सोमवारी सकाळपर्यंत, म्हणजे साठ तासांत, २४ अँपिअर-अवर गमावते. एवढ्या बॅटरीवर सेल्फ फिरणार नाही.

क्रम असा:

1. किल्ली काढा, दारं बंद करा. ज्या दारातून काम करायचंय त्याचा दिव्याचा स्विच टेपने दाबून ठेवा. बोनेट किंवा डिकीला दिवा असेल तर त्याचा बल्ब काढा. फ्यूजबॉक्सचं झाकण आत्ताच उघडून ठेवा.
2. बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा. निगेटिव्ह खुंट आणि सुटलेली केबल यांच्या मध्ये आधी टेस्ट लॅम्प लावा. तो भगभगीत पेटला तर गळती मोठी आहे, मीटर लावू नका. दिवा बघतच फ्यूज काढत जा.
3. दिवा लागला नाही किंवा जेमतेम लुकलुकला, तर मीटर १० अँपिअरवर ठेवून त्याच जागी लावा.
4. पंधरा-वीस मिनिटं थांबा. सेंट्रल लॉक, अलार्म, ईसीयू यांना शांत व्हायला वेळ लागतो. टर्मिनल जोडल्याबरोबर दिसणारा आकडा धरून चालणं ही इथली नेहमीची चूक.
5. आता एकेक फ्यूज काढा, आकडा बघा, परत लावा. ज्या फ्यूजला आकडा धपकन पडतो त्या सर्किटवर चोर आहे.

इशारा: मीटर अँपिअरवर लावलेला असताना किल्ली फिरवू नका. सेल्फ शंभर अँपिअरच्याही वर ओढतो, मीटर जागीच जळेल.

आकड्यावरूनही सुगावा लागतो. ०.४ च्या आसपास असेल तर ५ वॅटचा बल्ब शोधा. ०.१५ च्या आसपास असेल तर एखादा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) ओढलेलाच राहिलाय. हाताने एकेका रिलेला स्पर्श करा, कोमट लागेल तो.

सगळे फ्यूज काढले तरी आकडा हलत नाही, अशीही वेळ येते. मग बॅटरीपाशी या. मागाहून बसवलेली फॉग लाइट, जोरदार हॉर्न, अलार्म यांच्या वायरी बरेचदा फ्यूजबॉक्सला वळसा घालून थेट टर्मिनलवर अडकवलेल्या असतात. त्या एकेक काढून बघा. त्यानंतर राहतो आल्टरनेटर. निगेटिव्ह सोडवून आल्टरनेटरची जाड वायर काढा, तिचं टोक टेपने झाका, परत मोजा. गळती थांबली तर आल्टरनेटरचा डायोड गळतोय. सकाळी इंजिन थंडगार असताना आल्टरनेटरचं अंग कोमट लागणं ही त्याचीच खूण.

टेपकडे वेगळं लक्ष द्या. बाजारातल्या बहुतेक टेपमध्ये पिवळी वायर मेमरीसाठी कायम चालू विजेवर आणि लाल वायर किल्लीच्या विजेवर जाते. किल्लीची वायर शोधायचा कंटाळा म्हणून दोन्ही एकत्र पिळून कायम विजेवर जोडलेल्या असतात. टेप बंद दिसतो, पण आतून तो जागा राहतो. पिवळी आणि लाल वेगळ्या करून लाल वायर किल्लीच्या सर्किटवर दिली की बऱ्याच गाड्यांची सकाळ सुधारते.

## टप्पा ७: दिवा मंद, हॉर्न घोगरा, वायपर सुस्त

इथे भाग बदलण्याची घाई सर्वात जास्त होते आणि मीटर इथेच सर्वात जास्त कामाला येतो. वस्तू चालू ठेवायची आणि व्होल्टेज कुठे हरवतं ते बघायचं. वायर जोडलेली आहे का ते सांगणारं मीटरचं ‘बीप’ इथे विसरा. पंचवीस तारांच्या वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी बीप वाजतं, कारण मीटर तिच्यातून नगण्य करंट सोडतो. त्याच वायरीवर हेडलाइटचे पाच अँपिअर आले की ती हात टेकते.

एक उदाहरण आकड्यांसकट बघू. उजवा हेडलाइट मंद आहे. दिवे चालू ठेवून बॅटरीवर १२.३ व्होल्ट. बल्बच्या कपलरमागून टोकं खुपसून बल्बवर मोजले तर १०.५. म्हणजे १.८ व्होल्ट वाटेत गेले. कोणत्या बाजूला गेले? बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून बल्बच्या वीज येणाऱ्या पिनपर्यंत मोजलं: ०.५. बल्बच्या अर्थिंगच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत, त्या लांब वायरीने: १.३. बेरीज १.८, हिशोब जुळला. आता अर्थिंगच्या बाजूने पुढे चला. काळी वायर हेडलाइटमागे एका बोल्टवर गोल टर्मिनलने आवळलेली आहे. टर्मिनल ते शेजारचा खरवडलेला पत्रा एवढ्याशा अंतरात मीटर १.२ दाखवतो. बोल्ट काढला की टर्मिनलखाली गंजाची पूड आणि मागच्या पेंटिंगचा रंग दिसेल. दोन्ही घासून चकचकीत करा, आवळा, पुन्हा मोजा. ०.१ च्या आत यायला हवं.

व्होल्टेज १० टक्के घटलं की अशा बल्बचा प्रकाश साधारण ३० टक्के घटतो. म्हणून ‘दिवे मंद आहेत’ म्हणत १००/९० वॅटचे बल्ब घालणं घातक आहे. दोषी अर्थिंग तसंच राहतं, करंट वाढतो, आणि स्टिअरिंगवरचा हेडलाइटचा स्विच वितळतो. मोठा भार द्यायचाच असेल तर रिले आणि जाड वायर टाकून द्या.

कोकणपट्टीत, गोव्यात खाऱ्या हवेत राहिलेल्या गाड्यांना मी तर बिघाड असो-नसो, वर्षातून एकदा सगळे अर्थिंग उघडून साफ करायला सांगेन. पावसाळा संपल्यावर करा.

अर्थिंग गेल्याची आणखी एक खूण: ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटरही मंद पेटतो, किंवा इंडिकेटर दिला की टेल लाइट त्याच तालावर लुकलुकतो. मागच्या दिव्यांच्या करंटला बॉडीत शिरायची वाट मिळत नाही, म्हणून तो शेजारच्या बल्बमधून परततो. बल्ब बदलू नका. त्या दिव्याच्या होल्डरपासून बॉडीपर्यंतची काळी वायर बघा.

तपासा: घासूनपुसून झालं की भार चालू ठेवून पुन्हा तोच आकडा घ्या. घासलं म्हणजे झालं असं धरू नका.

## टप्पा ८: फ्यूज परत परत उडतो

नवा फ्यूज घालून बघणं थांबवा. उडालेल्या फ्यूजच्या दोन पिनांच्या जागी हेडलाइटचा जुना ५५ वॅटचा बल्ब वायरीने जोडा. आता शॉर्ट असला तरी करंट पाच अँपिअरच्या आतच राहतो, वायर तापत नाही आणि शोधायला निवांत वेळ मिळतो. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर वायर कुठेतरी बॉडीला लागली आहे. त्या सर्किटवरच्या वस्तूंचे कपलर एकेक काढा. एखादा काढताच बल्ब विझला किंवा मंदावला तर दोष त्या वस्तूत किंवा तिच्या पुढच्या वायरीत. सगळे काढूनही बल्ब तसाच, तर वायरिंग हाताने हलवत चला आणि बल्बकडे बघत राहा.

हात कुठे घालायचा? दार आणि खांब यांच्यामधली रबरी नळी, डिकीच्या झाकणाची बिजागरी, सीटच्या रुळाखालची गालिच्यातली वायर, स्टिअरिंगखालचा जुडगा, आणि जिथे पत्र्याच्या भोकातून वायर जाते पण रबरी ग्रोमेट गळून पडलंय अशी प्रत्येक जागा. पावसाळ्यात उंदीर बोनेटखाली आसरा घेतात. एअर फिल्टरच्या आसपास लेंड्या किंवा कापूस दिसला तर तिथल्या वायरी बोटांनी चाचपून बघा.

## टप्पा ९: कधी चालतं, कधी चालत नाही

बिघाड हजर नसताना केलेलं मोजमाप काहीच सांगत नाही, म्हणून आधी तो मुद्दाम घडवून आणायचा. वस्तू चालू ठेवा, मीटर लावा, कपलर आणि वायरी हलवा, आकडा उडाला की थांबा. तापल्यावरच होत असेल तर रिलेला हेअर ड्रायरची हवा द्या. पावसातच होत असेल तर कपड्यांना इस्त्री करायच्या फवारणीच्या बाटलीने एका वेळी एकाच कपलरवर पाणी मारा, डिस्ट्रिब्युटर (स्पार्क प्लगना वीज वाटणारा भाग) सोडून. खड्ड्यात आपटलं की इंजिनसकट सगळं क्षणभर जातं, असं असेल तर टर्मिनल, बॅटरीजवळचा मेन फ्यूज आणि इग्निशन स्विच या तिघांवर पहिला संशय घ्या. किल्लीच्या जुडग्याला जड छल्ला असेल तर तोही काढा, त्याच्या वजनाने स्विच झिजतो.

## टप्पा १०: दुरुस्ती आणि शेवटची खातरजमा

दोन वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळणं म्हणजे पुढच्या उन्हाळ्याचा बिघाड. बोनेटखालच्या उष्णतेत टेपचा गोंद सुटतो. आधी हीट-श्रिंक स्लीव्ह वायरीत सरकवा, मग क्रिंप किंवा सोल्डर करा, मग स्लीव्ह तापवून बसवा. स्लीव्ह आधी ओवायला विसरतात आणि जोड उघडा राहतो. जाडी मूळ वायरीएवढी किंवा थोडी जास्त घ्या. हेडलाइटला २.५ चौरस मिलिमीटरची वायर पुरते. बॅटरीवरून नवी वायर काढत असाल तर तिचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच बसवा. दुसऱ्या टोकाला बसवलेला फ्यूज मधल्या वायरीला वाचवत नाही.

काम झाल्यावर गाडी अर्धा तास फिरवा, मग दोन तास उभी राहू द्या आणि बॅटरीचं व्होल्टेज कागदावर लिहा. सकाळी बोनेट उघडून, दार न उघडता, पुन्हा मोजा (बोनेट आतून उघडत असेल तर रात्रीच त्याची कळ ओढून ठेवा). ०.१ व्होल्टच्या आतला फरक असेल तर काम झालं. जास्त उतरलं असेल तर टप्पा ६ पुन्हा सुरुवातीपासून करा, आणि या वेळी पंधरा मिनिटांऐवजी अर्धा तास थांबून आकडा घ्या. तरीही चोर सापडला नाही तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जाताना तो कागद सोबत न्या: बॅटरी, सेल्फ मारताना, चार्जिंग, उभ्या गाडीचा करंट, आणि कोणते फ्यूज काढून फरक पडला नाही, एवढं त्यावर लिहिलेलं असू द्या.